थकव्याला परवडेल एवढाच उपचार

"तुम्ही सुया लावणार, म्हणजे मला अर्धा तास उताणं पडून राहावं लागणार ना? त्यालाही ताकद लागते हो, डॉक्टर."

एका काकूंनी मला हे ऐकवले, त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांचा कर्करोग यकृतात आणि हाडांत पसरलेला होता, केमोथेरपी थांबवलेली होती आणि वेदना औषधांनी बऱ्यापैकी आटोक्यात होत्या. त्रास उरला होता तो थकव्याचा. मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या देखभालीत, काम करणारी डॉक्टर, नुकतीच अ‍ॅक्युपंक्चर शिकून आलेली, आणि शिकवल्याप्रमाणे बारा-चौदा सुया व तीस मिनिटे असा बेत मनाशी ठरवून त्यांच्या खाटेपाशी उभी होते. उपचारातून त्यांना काय मिळेल याचा विचार मी केला होता. तो करून घेण्यासाठी त्यांना पदरचे काय मोजावे लागेल, हे मात्र माझ्या मनात आलेच नव्हते. त्या दिवशी मी चारच सुया लावल्या, त्यांना कुशीवर झोपू दिले आणि दहा मिनिटांत सुया काढून घेतल्या. पुढे या कामात जे काही शिकले त्याची सुरुवात त्या दहा मिनिटांपासून झाली, म्हणून आज त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

आपल्या भाषेत थकण्यासाठी शब्द पुष्कळ आहेत. शीण येतो आणि तो झोपेने जातो. दमणूक होते आणि ती घटकाभर टेकले की उतरते. मरगळ येते, ती चार माणसांत गेले की झटकली जाते. पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाचे रुग्ण जे सांगतात ते यांपैकी कशातच बसत नाही. "अंगात त्राण नाही", "हातपाय गळून गेलेत", "कुणीतरी तळाचं बूच काढल्यासारखं वाटतं", "वाचलेलं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरते", अशी त्यांची वर्णने असतात. अमेरिकेतील नॅशनल कॉम्प्रिहेन्सिव्ह कॅन्सर नेटवर्कने या थकव्याची जी व्याख्या केली आहे तिच्यातही हाच गाभा आहे: कर्करोगाशी किंवा त्याच्या उपचारांशी निगडित असलेला, शरीर, मन आणि बुद्धी यांना व्यापणारा, त्रासदायक आणि चिवट असा हा थकवा असतो, नुकत्याच केलेल्या श्रमांशी त्याचे प्रमाण जुळत नाही आणि तो रोजच्या जगण्यात अडथळा आणतो. श्रमांशी प्रमाण जुळत नाही, हे घरच्यांना समजावून सांगणे सर्वांत कठीण जाते. "दिवसभर पडूनच तर असतात, मग दमतात कशाने?" हा प्रश्न मायेपोटी विचारलेला असला, तरी तो ऐकणाऱ्याच्या जिव्हारी लागतो, आणि नंतर रुग्ण आपला थकवा सांगणेच बंद करतो.

दमतात कशाने, याचे उत्तर शास्त्राला पूर्ण मिळालेले नसले तरी बरेच मिळालेले आहे. गाठीमुळे आणि तिच्याशी झगडणाऱ्या प्रतिकारशक्तीमुळे शरीरात दाह धुमसत राहतो आणि इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा यांसारखे निरोप्ये रेणू रक्तातून फिरत राहतात. ताप आला की आपल्याला अंथरूण सोडवत नाही, अन्न नको वाटते, बोलणे नको वाटते, ते याच रेणूंमुळे. तापात हे दोन-तीन दिवस चालते. इथे ते महिनोन्‌महिने चालते. त्यात रक्त कमी झालेले असते, स्नायू झिजत असतात, झोप तुकड्यातुकड्यांनी येते, वेदनाशामक औषधांची गुंगी असते, आणि न हलल्यामुळे उरलेली शक्तीही कमी होत जाते.

म्हणूनच सुईला हात लावण्यापूर्वी बरेच काम असते, आणि सुया हाती धरणारी म्हणून हे आग्रहाने सांगणे मी माझे कर्तव्य समजते. हिमोग्लोबिन किती आहे, थायरॉइड मंदावले आहे का, रक्तातले कॅल्शियम वाढले आहे का, सोडियम उतरले आहे का, कुठे जंतुसंसर्ग दडला आहे का, वेदनेने झोप मोडते का, मळमळीमुळे पोटात काही जात नाही का, मन खचले आहे का, हे पाहिल्याशिवाय थकव्यावर सुया लावणे म्हणजे छप्पर गळत असताना फक्त लादी पुसत बसणे. नेदरलँड्समध्ये १५२ रुग्णांवर झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला यासाठी फार मोलाचा वाटतो. पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी काहींच्या वेदना, मळमळ, बद्धकोष्ठ, धाप, खोकला अशा शारीरिक त्रासांवर एका परिचारिकेने नेमाने लक्ष ठेवले आणि ठरलेल्या पद्धतीने उपचार होतील असे पाहिले. थकव्यासाठी वेगळे औषध न देताही त्यांचा थकवा इतरांपेक्षा कमी झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ४ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असे १४ दिवस दिल्यावर पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या रुग्णांना आराम पडलेला दिसला. हे औषध फार काळ देता येत नाही, कारण ते स्नायू दुबळे करते, साखर वाढवते आणि झोप उडवते. पण थोड्या दिवसांसाठी एखादा महत्त्वाचा प्रसंग गाठायचा असेल तर त्याचा विचार जरूर व्हावा. आणि ज्यांना झेपते त्यांनी रोज थोडे चालणे, खाटेवर बसल्या बसल्या पाय हलवणे, यासाठीचा पुरावा अ‍ॅक्युपंक्चरच्या पुराव्यापेक्षा बळकट आहे. हे सगळे करून झाल्यावरही जो थकवा उरतो, आणि तो पुष्कळदा उरतो, त्याच्यासाठी ही सौम्य पद्धत आहे.

सौम्य म्हणजे नेमके काय, ते आता सांगते. रक्त काढायला नेहमी वापरतात ती सुई साधारण ०.८ मिलिमीटर जाडीची आणि पोकळ असते. अ‍ॅक्युपंक्चरची सुई भरीव असते, आणि मी अशा रुग्णांसाठी वापरते ती ०.१६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे तिच्या पाचव्या हिश्श्याएवढी. ती इतकी लवचिक असते की नुसत्या बोटांनी टोचू गेल्यास वाकते. म्हणून ती बारीक नळीतून बसवतात. या नळीचे श्रेय जपानमधील सुगियामा वाइची यांना दिले जाते. सतराव्या शतकात होऊन गेलेले हे वैद्य दृष्टिहीन होते. डोळ्यांची मदत नसताना सुई अचूक जागी आणि न दुखवता जावी, या गरजेतून ही नळी पुढे आली, आणि त्यानंतर जपानी पद्धत अधिकाधिक बारीक सुया आणि अधिकाधिक हलका स्पर्श या दिशेने वाढत गेली. नळी त्वचेवर टेकवायची, सुईच्या वरच्या टोकावर बोटाने एक हलकी टिचकी द्यायची, नळी काढून घ्यायची. सुई दोन-तीन मिलिमीटर आत गेलेली असते. चिनी पद्धतीत सुई फिरवून जी जड, दुखरी, पसरत जाणारी संवेदना मुद्दाम जागवतात ती इथे मी जागवत नाही. जपानी परंपरेत 'तेइशिन' नावाची बोथट टोकाची सुईही आहे, जी त्वचेला भेदत नाही, नुसती टेकवली जाते. ज्यांच्या रक्तातल्या पेशी फार उतरल्या आहेत, किंवा ज्यांना सुयांची मनापासून भीती आहे, त्यांच्यासाठी मी हीच वापरते. रक्त काढून काढून ज्यांच्या हातांच्या शिरा संपल्या आहेत अशा माणसाला 'आणखी सुया' म्हटल्यावर काय वाटत असेल, याची जाणीव ठेवणे हा मला याच सौम्यतेचा भाग वाटतो.

जागाही मोजक्याच घेते. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे आणि नडगीपासून बाहेरच्या बाजूला एक बोट अंतरावर एक बिंदू आहे. चिनी भाषेत त्याच्या नावाचा अर्थ 'पायावरचे तीन ली' असा होतो. ली हे तिथले अंतराचे जुने माप. थकलेला वाटसरू हा बिंदू चेतवून आणखी तीन ली चालू शकतो, अशी त्या नावामागची कथा सांगतात. दुसरा बिंदू पायाच्या आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवर, हाडाच्या मागच्या कडेला. तिसरा हातावर, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात. पाय सुजलेले असतील तर पायांना टोचत नाही. झोप नीट येत नसेल तर दोन भुवयांच्या मधोमध एक अगदी छोटी सुई लावते. चार ते सहा सुया, दहा ते पंधरा मिनिटे, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा.

आणि हे सगळे रुग्ण असेल तिथे. उपचारासाठी माणसाला उठवायचे, कपडे बदलायचे, गाडीत बसवायचे, प्रतीक्षागृहात तासभर थांबवायचे आणि मग थकव्यावर उपचार करायचे, यात मला मोठी विसंगती दिसते. जे मिळाले असते ते जाण्या-येण्यातच संपून जाते. रुग्णाला ज्या कुशीवर बरे वाटते त्या कुशीवरच तो राहतो. ज्यांना पाठीवर झोपल्यावर धाप लागते ते खुर्चीत बसून राहतात. पोटरीपर्यंतचा कपडा वर सारला की भागते, बाकी अंग पांघरुणात असते. मी सुया लावून निघून जात नाही, तिथेच बसते आणि बोलत नाही, कारण पाहुण्यांशी बोलणे हा या रुग्णांच्या दिवसातला मोठा खर्च असतो आणि डॉक्टरही त्यांच्या दृष्टीने पाहुणाच. शेवटी एक काम कधीही चुकवू नये: लावलेल्या सुया आणि काढलेल्या सुया मोजून पाहणे. गुंगीत असलेल्या माणसाच्या अंथरुणात एक सुई राहून गेली तर ती त्याला सांगताही येणार नाही.

पहिल्या खेपेनंतर काही जणांना त्या संध्याकाळी उलट जास्तच थकल्यासारखे आणि झोपाळल्यासारखे वाटते. हे आधी सांगितले नाही तर घरचे घाबरतात, आणि त्यांचे घाबरणे रास्तच असते. म्हणून तपासणी, स्कॅन, मोठी भेट असे काही ज्या दिवशी नाही असा दिवस मी पहिल्या खेपेसाठी निवडते.

त्या काकूंना मी विचारले होते, "थकवा कमी झाला तर तुम्हाला नेमकं काय करायचंय?" त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "आंघोळ झाल्यावर थोडा वेळ जागं राहायचंय." आंघोळ हे अशा रुग्णांसाठी दिवसातले सर्वांत कष्टाचे काम असते, उठणे, उभे राहणे, हात डोक्यापर्यंत नेणे, थंडी वाजणे, पुसणे, कपडे घालणे. त्यांचा मुलगा त्यांना आंघोळ घालून कामावर जात असे, आणि तो निघेपर्यंत त्यांचे डोळे मिटलेले असत. दिवसभरात त्याच्याशी बोलायला मिळण्याची ती एकच वेळ होती. आम्ही एका वहीत रोज दोनच गोष्टी लिहायच्या ठरवल्या: थकवा शून्य ते दहापैकी किती, आणि आंघोळीनंतर किती मिनिटे जाग राहिली. पहिल्या आठवड्यात थकवा आठ होता आणि मिनिटे नव्हतीच. दोन आठवड्यांत चार खेपा झाल्यावर थकवा सहावर आला आणि मिनिटे दहा-बारा झाली. हे सुयांमुळेच झाले असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही; त्याच सुमारास त्यांच्या रात्रीच्या औषधाची वेळ बदलली होती, आणि रोज कुणीतरी त्यांना थकव्याविषयी विचारू लागले होते. पण ती दहा मिनिटे त्यांना मिळाली, आणि त्यासाठी त्यांना मोजावे लागले ते फार थोडे.

आता पुराव्याकडे वळते, कारण आशेने विचारणाऱ्या माणसाला खरे तेच सांगितले पाहिजे. २००७ साली इंग्लंडमध्ये केमोथेरपीनंतरच्या थकव्यावर ४७ रुग्णांचा एक छोटा अभ्यास झाला. एका गटाला दोन आठवड्यांत सहा वेळा, वीस मिनिटे, मी वर सांगितलेल्याच तीन जागी सुया लावल्या. दुसऱ्या गटाला त्याच जागा रोज दाबायला शिकवल्या. तिसऱ्याला थकव्याशी संबंध नसलेल्या जागा दाबायला सांगितल्या. सुधारणा अनुक्रमे ३६ टक्के, १९ टक्के आणि ०.६ टक्के आली. त्याच संशोधकांनी पुढे स्तनाच्या कर्करोगाच्या ३०२ रुग्णांवर मोठी चाचणी केली, ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे, असे सहा आठवडे सुया लावलेल्या गटाचा सर्वसाधारण थकवा, ४ ते २० अशा मोजपट्टीवर, नेहमीचीच देखभाल मिळालेल्या गटापेक्षा सरासरी ३.११ गुणांनी कमी झाला. हा फरक लहान नाही. मात्र या चाचणीत तुलनेसाठी खोट्या सुयांचा, म्हणजे उपचाराचा नुसता आभास देणाऱ्या सुयांचा, गट नव्हता. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या १०१ रुग्णांच्या चाचणीत तो होता, आणि तिथे खऱ्या व खोट्या सुयांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही.

शिवाय या तिन्ही अभ्यासांतले बहुतेक रुग्ण केमोथेरपी संपवून बाहेर पडलेले होते. माझे रुग्ण तसे नाहीत. पॅलिएटिव्ह केअरमधल्या रुग्णांवरचे अभ्यास फार छोटे आहेत. कॅनडातल्या एका अभ्यासात अवघे वीस रुग्ण होते. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांची संघटना आणि एकात्मिक कर्करोगोपचारांची संस्था यांनी मिळून २०२४ साली थकव्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांत व्यायाम, विचार-वर्तन उपचार आणि सजगतेचे कार्यक्रम पुढे आहेत. उपचार संपवलेल्यांसाठी योग, अ‍ॅक्युप्रेशर आणि मॉक्सा (वाळवलेली वनस्पती जाळून बिंदूंना ऊब देणे) यांचा विचार करता येईल असे म्हटले आहे. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यासाठी विचार-वर्तन उपचार आणि स्टेरॉइड यांचा उल्लेख आहे. सुयांची शिफारस थकव्यासाठी केलेली नाही. मी हे रुग्णाला आणि घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगते. तरीही मी हा उपचार का देते, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मी स्वतःशी पुन्हा पुन्हा तपासून पाहिले आहे.

खोटी सुई म्हणजे साखरेची गोळी नव्हे, हा त्यातला एक मुद्दा. चाचणीतल्या अनेक खोट्या सुया त्वचेला टेकतात, दाबतात, कधी वरवर टोचतात; आणि मी जे करते तेही जवळजवळ तसेच असते. जपानी सौम्य पद्धतीचा माणूस अशा चाचणीकडे पाहून म्हणेल की इथे जोरकस उपचाराची तुलना हलक्या उपचाराशी झाली आहे. पण या युक्तिवादाच्या आड मी लपू इच्छित नाही, कारण त्याच्या आधाराने कोणत्याही प्रतिकूल निकालातून सुटता येते. मला जास्त विचारात पाडले ते एका वेगळ्याच चाचणीने. पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या थकव्यावर मेथिलफेनिडेट हे उत्तेजक औषध चालते का, हे पाहणारी ती चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. औषधाच्या गटाचा थकवा चांगला कमी झाला, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्या गटाचाही तितकाच कमी झाला. दोन्ही गटांना एक गोष्ट सारखी मिळाली होती: एक परिचारिका रोज फोन करून त्यांची विचारपूस करत होती.

थकवा हा रुग्णाने सांगितल्याशिवाय मोजता येत नाही. तो कमी झाल्याचेही रुग्णच सांगतो. कुणीतरी ठरलेल्या वेळी येते, त्रास मोजून घेते, हलक्या हाताने स्पर्श करते आणि पंधरा मिनिटे शांत बसते, यातला किती वाटा सुईचा आणि किती बाकीच्याचा, हे माझ्या खाटेपाशी मला वेगळे काढता येत नाही. मी वेगळे काढता आल्याचा आवही आणत नाही. एवढे मात्र पाहते की जे देते आहे त्याने अपाय होत नाही, त्याचा भार पडत नाही, आणि त्याच्यासाठी दुसरा कोणताही उपयोगी उपचार मागे पडत नाही.

शरीरात काय घडत असावे याचे काही धागे हाती आले आहेत. उंदरांच्या मागच्या पायावर, गुडघ्याखालच्या त्याच जागेशी जुळणाऱ्या बिंदूवर सौम्य विद्युत्‌प्रवाह दिला असता मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी जागी होते आणि दाह शमतो, आणि हे घडण्यासाठी तिथल्या खोलवरच्या ऊतींतले विशिष्ट संवेदी मज्जातंतू शाबूत असावे लागतात, असे हार्वर्डमधील संशोधकांनी २०२१ साली दाखवले. दाह आणि थकवा यांचे नाते लक्षात घेता हे महत्त्वाचे आहे. परंतु ते उंदीर होते, तिथे वीज होती, आणि माझी सुई एवढी खोल जातही नाही. म्हणून या निष्कर्षावर मी माझ्या पद्धतीचा डोलारा उभा करत नाही.

"यानं गाठ कमी होईल का?" हा प्रश्न कधीतरी, बहुधा दाराबाहेर, हळू आवाजात येतोच. होणार नाही. अ‍ॅक्युपंक्चरने गाठ आटत नाही, आणि जो कुणी तसे म्हणतो किंवा त्यासाठी चालू उपचार सोडायला सांगतो, त्याच्यापासून दूर राहावे.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८.६ टक्के लोकांनी काही ना काही त्रास सांगितला, बहुतेक किरकोळ रक्त येणे, काळेनिळे डाग किंवा दुखणे, २.२ टक्के लोकांना त्या त्रासासाठी उपचार लागले. फुप्फुसाच्या आवरणात हवा शिरण्याचे दोन प्रसंग नोंदले गेले. हे आकडे धीर देणारे आहेत, पण ती माणसे माझ्या रुग्णांइतकी नाजूक नव्हती. म्हणून प्लेटलेट्स ५०,००० च्या खाली असतील तर मी डॉक्टरांच्या गटाशी बोलल्याशिवाय टोचत नाही आणि २०,००० च्या खाली मुळीच टोचत नाही. संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या खाली असतील तरीही नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर खोल सुई नाही आणि काढल्यावर जास्त वेळ दाबून धरणे. बगलेतल्या गाठी काढल्यामुळे सूज आलेल्या किंवा येण्याची शक्यता असलेल्या हाताला सुई नाही. गाठीवर, व्रणावर, रेडिएशनने हुळहुळ्या झालेल्या त्वचेवर, औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या पोर्टच्या आसपास, पाणी भरलेल्या पोटावर नाही. आणि छाती-पाठीवर तर मी टोचतच नाही. वजन उतरलेल्या माणसाच्या बरगड्यांवर मांस इतके कमी असते की पुस्तकातली 'सुरक्षित खोली' तिथे सुरक्षित राहत नाही. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या, हे वेगळे सांगायला नको. ज्याच्याकडे जाल त्याने हे रिपोर्ट मागितले नाहीत, तर तिथून परत यावे.

केव्हा थांबायचे हेही आधीच ठरलेले असावे लागते. चार खेपांत वहीतला आकडा हलला नाही आणि रुग्णालाही फरक जाणवला नाही, तर मी थांबते. 'आणखी थोडं करून पाहू' हे वाक्य मी टाळते, कारण रुग्ण अनेकदा डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणतात. त्या काकूंच्या बाबतीत सातव्या आठवड्यात आकडे पुन्हा चढले. आजार पुढे गेला होता, दिवसाचा बराचसा वेळ झोपेत जात होता, आणि तशा झोपेला थकव्याचा त्रास म्हणून उपटून काढण्यात अर्थ नव्हता. सुया बंद केल्या. मुलाने विचारले, "मग आता मी काही करू शकतो का?"

करता येण्यासारखे होते. अ‍ॅक्युप्रेशरला परवाना लागत नाही, रक्त येत नाही, आणि ते घरच्यांच्या हाताने होते. मिशिगनमध्ये २८८ जणींवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी सहा आठवडे रोज, प्रत्येक जागी तीन मिनिटे, स्वतःच दाब दिला. शांत करणाऱ्या जागा दाबणाऱ्यांपैकी ६६.२ टक्के आणि चेतवणाऱ्या जागा दाबणाऱ्यांपैकी ६०.९ टक्के स्त्रियांचा थकवा सामान्य पातळीवर आला. नेहमीचीच देखभाल मिळालेल्यांत हे प्रमाण ३१.३ टक्के होते. झोप सुधारली ती फक्त शांत करणाऱ्या जागांनी. या स्त्रिया अंथरुणाला खिळलेल्या नव्हत्या, त्यामुळे तेवढा परिणाम मी मुलाला कबूल केला नाही. दोनच जागा दाखवल्या: आतल्या घोट्याच्या वरची, आणि मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला लागणाऱ्या खोलगट भागातली.

त्याला सांगितले की नखे कापलेली असावीत आणि हात ऊबदार असावेत. अंगठा टेकवून हळूहळू भार द्यायचा, पिकलेले फळ दाबून पाहताना देतो तेवढाच. त्वचा पांढरी पडली तर तो जास्त झाला. डाग उठत असतील, पाय सुजला असेल किंवा लालसर गरम लागत असेल तर तिथे हात लावायचा नाही आणि आम्हाला कळवायचे. दोन-तीन मिनिटे एका जागी, मग दुसरीकडे. त्या वेळात तिला काही विचारायचे नाही, औषधाची आठवण करून द्यायची नाही, बरे वाटते का म्हणायचे नाही. मधेच झोप लागली तर अंगठा हळूच काढून घ्यायचा आणि उरलेली जागा तशीच राहू द्यायची.